दिव्यावरचा अंगठा

"आता शेजाऱ्याच्या मनगटावर चालवून बघा," प्रशिक्षक म्हणाले, आणि रजनी उईकेने मनगट बाहीत ओढून घेतलं.

ती नागपूर विमानतळावर नकली माल पकडायची. देशोदेशीचे तिच्यासारखे अधिकारी नवं यंत्र शिकायला जमले होते. आजार बरा करणारी रक्तातली जनुकांची दुरुस्ती कंपनीकडून घेतलेली असेल तर हिरवा दिवा, नक्कल असेल तर लाल. लाल दिवा लागला की त्या माणसाची दुरुस्ती काढून घ्यायची आणि आजार त्याला परत द्यायचा, असा सगळ्या देशांचा करार झाला होता.

रजनीचा सिकलसेल हा रक्ताचा आजार गडचिरोलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी अशा नकली दुरुस्तीनेच बरा केला होता. लहानपणी हाडं ठणकायची तेव्हा ती उशीचा अभ्रा दातांत धरून रडायची.

शेजारी बसलेल्या, केनियाहून आलेल्या न्जेरीबाईंनी यंत्र रजनीच्या मनगटाला टेकवलं. लाल! प्रशिक्षक पाठमोरे होते. न्जेरीबाईंनी झटकन दिव्यावर अंगठा दाबला.

"हिरवा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

प्रशिक्षक वळले आणि थेट त्यांच्यापाशी आले. "छान. आता तुम्ही यांना तपासा."

रजनीने यंत्र हातात घेतलं. न्जेरीबाई मनगट पुढे करेनात. तेव्हा कुठे तिला उमगलं, यांचीही नक्कलच. दिवा लागायच्या आतच तिने त्यावर अंगठा ठेवला.

"हिरवा," ती म्हणाली.

पण नखाच्या कडेने लाल उजेड झिरपत होता. प्रशिक्षक तो बघतच राहिले.

त्यांनी आपल्या शर्टाची बाही मनगटावर ओढली, बटण घट्ट लावलं आणि म्हणाले, "पुढची जोडी."