चपलांच्या दोन रांगा

"अगं, ही फुलं माझ्या नेसायच्या सुलूवर छापून दे. चर्चमध्ये गाणाऱ्या बाकीच्या बायका जळून खाक होतील!" तोकासामामी म्हणाली आणि अख्खा हॉल हसला.

आलुमिताही हसली, पण आतून ती खचली होती. राजधानीतून, सुवाहून, बोटीतून मामाच्या गावी जपून आणलेला तिचा तक्ता भिंतीवर झुलत होता. त्यावर चाफ्याची फुलं होती, एकेक पाकळी म्हणजे मधुमेहाचा एक रुग्ण. लांब पाकळी म्हणजे पायाची जखम फार दिवस लपवली. गडद पाकळी म्हणजे पाय कापावा लागला. आरोग्य खात्याच्या ऑफिसात साहेबांनी या तक्त्याची तोंडभरून स्तुती केली होती. इथेही तो सगळ्यांना आवडला. कळला मात्र कुणालाच नाही.

"काय समजलं, मामा?" तिने पुढे बसलेल्या सेमेसाला विचारलं.

"हेच की माझी भाची हुशार आहे."

सेमेसा तिच्या आईचा थोरला भाऊ, तोकासामामीचा नवरा. पुरुषांच्या ओळीत मांडी घालून बसला होता, डावं पाऊल सुलूखाली ओढून घेतलेलं. पावलाला पाला बांधला होता आणि एक माशी हाकलली तरी तिथेच येत होती. सकाळी बोटीतून उतरल्या उतरल्या नर्स वसितीने आलुमिताला बाजूला घेतलं होतं. "साखर खूप वाढलीय त्यांची. अंगठा काळा पडत चाललाय म्हणते मामी. मला बघू देत नाहीत. आणखी थोडे दिवस असेच गेले तर पाय वाचणार नाही गं. तूच काहीतरी कर."

पण चारचौघांत मामाला पाय उघडा कर म्हणायचं तरी कसं? ते त्याची अब्रू काढल्यासारखं झालं असतं. ते काम तक्त्याने गुपचूप करायचं होतं. आणि तक्ता तर नवरीसारखा नटून उभा होता, सगळे त्याच्या नटण्याथटण्याकडेच बघत होते.

पाणी पिण्याच्या निमित्ताने ती दाराशी आली. पायरीखाली सगळ्यांच्या रबरी चपलांचा ढीग पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि जोड्या जुळवून वाळूत मांडायला लागली.

"ए बाई, माझ्या चपला कुठे चालवल्यास?" आतून पेनी ओरडला. हा मामाचा धाकटा मुलगा. "बहिणीच्या लेकीने मामाच्या गावातलं काहीही उचलावं, रीतच आहे आपली. पण पायातलं तरी राहू दे!"

"बाहेर या सगळे. अनवाणीच या."

हसत, एकमेकांना ढकलत माणसं अंगणात आली. चपलांच्या दोन रांगा लागल्या होत्या.

"ही वरची रांग म्हणजे जखम झाली तशी नर्सकडे आलेली माणसं," आलुमिता म्हणाली. "खालची रांग लपवून बसलेल्यांची. सगळी आपल्याच किनाऱ्यावरची, गेल्या वर्षीची."

वरच्या रांगेतून तिने एकच चप्पल उचलली. "हा पाय कापावा लागला," ती म्हणाली. मग ती खालच्या रांगेकडे वळली. एका जोडीतली एक उचलली, शेजारच्या जोडीतली एक उचलली, एक जोडी सोडली, पुन्हा एक उचलली.

"म्हणजे मी आता लंगडी घालू?" पेनी म्हणाला. थोडेजण हसले. पुढे मामीची चप्पल उचलली गेली तेव्हा कुणी हसलं नाही. "इसा... इसा..." मामी हळहळली आणि तिने तोंडावर हात घेतला. खालच्या रांगेत आता जोड्या कमी आणि एकट्या चपलाच जास्त होत्या.

रांगेच्या टोकाला सेमेसाची जोडी होती. डाव्या चपलेचा पट्टा कापून चिंधीने सैल बांधलेला. आलुमिता तिथवर आली आणि थांबली. तिचा हातच पुढे होईना.

"उचल की," सेमेसा म्हणाला. "कुठली उचलायची ते ठाऊक आहे तुला."

"माझ्याच्याने नाही उचलवत, मामा." तिला रडू फुटलं. तक्ता, ऑफिस, सगळं विसरून ती लहान पोरीसारखी रडली.

सेमेसा हॉलच्या पायरीवर बसला, सुलू गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि स्वतःच्या हाताने पाला सोडू लागला. वसिती त्याच्यासमोर वाळूत बसली. बाकीच्यांनी तोंडं समुद्राकडे फिरवली. तेवढं शहाणपण गावाला होतं.

"दुखतंय?" वसितीने अंगठा दाबला.

"नाही."

"इथे?"

"तिथेही नाही."

वसितीने मान वर केली नाही. स्वच्छ पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "पेनी, बोटीचं इंजिन चालू कर. हॉस्पिटलला जायचंय. आत्ताच."

आलुमिताने डोळे पुसले. मामाची जोडी दोन्ही हातांनी उचलली, वरच्या रांगेत नेली आणि इतरांच्या शेजारी अगदी सरळ लावली.

पेनीच्या खांद्यावर भार टाकून निघालेला सेमेसा थबकला.

"भाची," तो म्हणाला, "खोटं चित्र काढू नकोस. मध्ये ठेव."

तिने जोडी दोन रांगांच्या मधल्या वाळूत ठेवली.

बोट खडकांपलीकडे गेली. माणसं आपापल्या चपला शोधून, पायांत घालून घरी गेली. मधल्या जोडीला कुणी हात लावला नाही.