परीक्षेच्या सकाळचं सूप

"अगं आई, हे काय केलंस!" बोरा किंचाळलीच.

तिच्या दादासमोर, सांगुकसमोर, वाफाळता वाडगा होता, आणि त्यात समुद्रशेवाळाचं सूप. शेवाळ निसरडं. परीक्षेच्या दिवशी पोटात गेलं की माणूस घसरलाच, नापासच म्हणून समजा. कोरियातल्या त्यांच्या देगू शहरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"वाढदिवस आहे ना त्याचा," आई पुटपुटली. वाढदिवसाला हेच सूप लागतं, हेही खरंच.

"वाढदिवस दरवर्षी येतो! सरकारी नोकरीसाठी त्याची ही पाचवी खेप. यंदाही नाही लागला, तर आणखी वर्षभर गाळ्यावर उभी राहणार आहेस? या गुडघ्यांनी?"

बाजारातल्या किमचीच्या, मुरवलेल्या तिखट कोबीच्या, गाळ्यावर उभं राहून राहून आईचे गुडघे पार कामातून गेले होते. सांगुकला ते दिसत नव्हतं असं थोडंच आहे! पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराला दुसरं दिसतं तरी काय?

त्याने वाडगा बाजूला सरकवला. "असू दे गं बोरा. विसरली असेल."

नुसता भात खाऊन, शर्टाची बटणं नीट लावून तो निघाला. दारात बोराने तांदळाची चिकट मिठाई त्याच्या तोंडात कोंबली. "चावू नकोस, चघळ. चिकटलास की पास!"

दिवसभर तिचा जीव टांगणीला लागला होता. आईशी ती धड बोललीसुद्धा नाही.

संध्याकाळी सांगुक परतला तो खांदे पाडूनच.

"कसा गेला पेपर?"

"इतिहासाने मारलं. वेळच पुरला नाही. माझ्या शेजारचा तर रडतच बाहेर पडला."

"झालं समाधान?" बोरा आईवर उसळली. तिचे डोळे भरून आले होते. "तुझ्या त्या सुपाने दादाचं वर्ष खाल्लं!"

"आईला कशाला बोलतेस," सांगुक म्हणाला. पण सुपामुळे नाही, असं काही तो म्हणाला नाही. मान खाली घालून बसून राहिला.

आई भिंतीला धरून उठली. सकाळचंच सूप तिने पुन्हा गरम केलं, वाडग्यात ओतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"आई!" बोरा ओरडली.

आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. सांगुकच्या पाठीवरून हात फिरवत ती हळूच म्हणाली, "घे बाळा. परीक्षा मागच्याच शनिवारी झाली, बाजारात कळलं मला. आज नुसता तुझा वाढदिवस आहे."