पायाकडची झालर

नात बिछान्यावर पडून हसत होती आणि तिच्या मांडीवरून पिवळा ओघळ चादरीवर उतरत होता. आजोबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. चाळीस वर्षं लोकांच्या घरातल्या गळत्या थांबवणारा हा प्लंबर, आणि आज सहा महिन्यांच्या पोरीने त्याचं नाक कापलं!

डायपर त्यांनीच बांधला होता, पाइपाचा सांधा आवळावा तसा गच्च. मग गळायची काय बिशाद? सुनेला परवापासून कामावर रुजू व्हायचं होतं. आजोबांना पोर सांभाळता आली तर ठीक, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. म्हणून आज दोन तासांची परीक्षा. पोर आजोबांच्या हवाली करून ती बाहेर गेली होती.

"चिंगे, घाबरायचं नाही हं," ते म्हणाले. घाबरले होते ते स्वतःच.

झबलं डोक्यावरून काढलं तर तोंडही माखणार. त्यांनी गळा ताणला आणि ते खांद्यांवरून खाली, पायांतून काढलं. ओलं फडकं गार लागलं तशी चिंगीने भोकाड पसरलं. पुसता पुसता त्यांनी सवयीने गळतीचा माग काढला. पाठ कोरडी, पोटाशी कोरडं. डायपरची पायाकडची झालर मात्र आत दुमडलेली.

"घ्या! माल चांगला, मिस्त्रीच कच्चा."

पोटावर पट्ट्यांचे दोन लाल वळ उठले होते. ते पाहून म्हाताऱ्याचा जीव तीळ तीळ तुटला. नवा डायपर बांधताना त्यांनी दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली, झालर दोन्ही पायांशी बाहेर काढली. दुसरं झबलं चढवलं, चादर गार पाण्यात भिजवली.

वळ आता कपड्याखाली झाकले गेले होते. कुणाला कळलंही नसतं. पण ओल लपवायला भिंतीला रंग फासणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांनी जन्मभर फैलावर घेतलं होतं.

दारात किल्ली फिरली. सून चप्पल काढते न काढते तोच आजोबांनी झबलं वर करून दाखवलं.

"नापास झालो गं मी. फार आवळलं. वर गळलं ते गळलंच. रडलीसुद्धा बिचारी."

"दोन मिनिटं," सून म्हणाली. "साडेचारला."

"तुला कसं कळलं?"

सून ओशाळली. तिच्या कपड्यांना मागे धूळ लागली होती, ती तिने झटकली. "बाबा, मी कुठे गेलेच नाही. दोन तास जिन्यात बसून होते."

चिंगी आजोबांची मिशी ओढत होती. सुनेने त्या वळांवरून हलकेच बोट फिरवलं आणि झबलं नीट खाली ओढलं.

"मग परवाचं काय?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"परवा जिन्यात बसणार नाही," सून म्हणाली.