कटनंतर

“कट ऐकू आला की हेडफोन उतरवायचे. माणसं तेव्हा आपली आपली बोलतात. ते ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं.”

काकांनी पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. सेटवर आवाज टिपायचं काम ती त्यांच्याच हाताखाली शिकली. काका गेले, पण हा नेम तिने कधी मोडला नाही. दिग्दर्शक कट म्हणाला की तिचे हात आपोआप कानांकडे जात.

आज सकाळी ती विनोदी मालिकेत सेक्रेटरीचं काम करणाऱ्या मुलीच्या कॉलरआड माइक लावत होती, तेव्हा मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, आज कटनंतरही ऐकाल?”

कशासाठी, ते विचारावं लागलं नाही. साहेबाचं काम करणारा नट कटनंतरही अंगाला हात लावतो, अशी तक्रार मुलीने केल्याचं सेटवर पसरलं होतं. दुसऱ्या मजल्यावर कंपनीची तक्रार समिती बसत होती. हसत केलं म्हणून काही ते कायद्यातून सुटत नाही, असं तिथल्या अध्यक्षबाईंनी मुलीला नीट समजावलंही होतं. पण नट म्हणत होता, हात लावणं स्क्रिप्टमध्येच आहे. त्यापलीकडचं कोणी पाहिलंय, ऐकलंय? आज दुपारी समिती तेच विचारणार होती. कोणीच पुढे आलं नाही, तर मुलगी खोटी ठरणार आणि मालिकेतूनही जाणार.

“ऐकेन,” ताई म्हणाली. “विचारलं तर सांगेनही.”

सीन नेमका तक्रार समितीचाच निघाला. मालिकेतल्या समितीत एक जण बिस्किटं खातो, एक घोरतो, एक ठार बहिरा. बहिरा कानामागे हात धरून म्हणतो, कुठे ठेवला हात, परत दाखवा. साहेब सेक्रेटरीच्या कमरेवर हात ठेवून दाखवतो आणि समिती टाळ्या पिटते. तालमीतच लाइटवाले पोट धरधरून हसले होते.

“कट. झकास.”

ताईचे हात सवयीने वर गेले, अर्ध्या वाटेत थांबले. तिने ते मांडीवर ठेवले, एकावर एक.

खुर्च्या सरकल्या, चहा आला. तिच्या कानांत मात्र दोनच माणसं होती.

“कट झालाय,” मुलगी म्हणाली. “हात काढा.”

“झालाय की.” नटाचा आवाज लाडीगोडीचा होता. “पण हा हात माझा की लेखकाचा, हे तुझी समिती कसं ठरवणार? तक्रार मागे घे. नाहीतर मी आहे, रीटेक आहेत.”

माइक मुलीच्या छातीशी होता. नुसती धडधड ऐकू येत राहिली, आतून कोणी दार वाजवावं तशी.

जेवणाची सुट्टी झाली. नट ताईच्या टेबलाजवळून पुढे गेला आणि थबकला. त्याची नजर तिच्या कानांवर होती.

“काय ताई, काढायचे विसरलात वाटतं?”

“नाही,” ती म्हणाली.

तो हसला. आजूबाजूला कोणी हसेना, तरी जरा वेळ एकटाच हसत राहिला.

तिने हेडफोन उतरवून रोजच्या खिळ्याला अडकवले. मनातल्या मनात काकांना नमस्कार केला, आणि दुसऱ्या मजल्याचा जिना चढू लागली.