वरची ओळ

"हे म्हणालेत, बुधवारी या," आग्लाया कुंपणापलीकडूनच म्हणाली. "आणि भावजी, आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी घरात—"

"वहिनी, घरात काय आहे ते मी विचारलं का?" गावरिल म्हणाला. "येतो म्हणून सांगा."

आग्लायाचं तोंड एवढंसं झालं. सात वर्षांनी दीर बोलला, तोही असा.

गावरिल हा गावातल्या पोकाइतांचा वडीलधारा. पोकाइत म्हणजे पश्चात्ताप झालेले. बाप्तिस्मावाल्या नव्या पंथाला गाव हिणवून असंच म्हणतं. बाकी सगळं गाव जुन्या चर्चचं, मेणबत्त्यांचं आणि तसबिरींचं, आणि गावरिलचा थोरला भाऊ, आग्लायाचा नवरा तोआदेरही तिकडचाच. गावरिल मात्र कुठल्याही गोष्टीसाठी आधी शास्त्र उघडायचा. त्यात सापडलं तर हो, नाहीतर अख्खं गाव आडवं पडलं तरी नाही.

त्यांची आई गेली तेव्हा अंगणातला आलुबुखार फुलला होता. दफन करून आल्यावर तोआदेरने गावरिलपुढे कोलिव्हा ठेवला. शिजवलेला गहू, साखर आणि अक्रोड. पाद्री मेलेल्याच्या नावाने त्यावर आशीर्वाद म्हणतो, मग सगळे खातात.

"आईच्या नावाने एक घास," तोआदेर म्हणाला.

"दादा, मला नाही चालत. नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नये, असं शास्त्रात पौलाने लिहिलंय."

"आईपेक्षा तुझा पौल मोठा का रे?" तोआदेरने ताटली भिंतीवर फेकली. तेव्हापासून एक भाऊ समोरून आला की दुसरा वाट बदलायचा.

आता तोआदेरला सुचावा शहरातल्या इस्पितळातून घरी पाठवलं होतं. घरी पाठवणं म्हणजे काय, हे गावाला कळत होतं आणि गावरिललाही. भाऊ न बोलता गेला असता तर त्याला पुढे घास गिळवला नसता. पण त्यासाठी लिहिलेलं मोडायचं, हेही त्याच्याच्याने होणारं नव्हतं.

रविवारी सभेत त्याने तेच पान वाचलं. "समोर वाढतील ते विचारपूस न करता खा." ही वरची ओळ. "पण कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका." ही खालची.

"म्हणजे आईच्या वेळी तुमचं बरोबरच होतं," दुमित्रु सुतार म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

गावरिलने पुस्तक मिटलं आणि गाणं सुरू करायला सांगितलं.

बुधवारी त्याने रविवारचा काळा कोट घातला. भावाच्या अंगणात आलुबुखार पुन्हा फुलला होता. त्याखालून जाताना दोन-चार पाकळ्या त्याच्या खांद्यावर पडल्या. दारात आग्लाया उभी होती, डोक्याला काळा रुमाल बांधून.

तोआदेर उशांना टेकून बसला होता. नाक तेवढं पूर्वीचं राहिलं होतं.

"या, संत गावरिल! स्वर्गातून सवड मिळाली?"

"मिळाली. कसा आहेस?"

"झकास. मरतोय."

गावरिल खुर्ची ओढून बसला. आग्लायाने ताटली आतूनच भरून आणली. गहू, साखर, अक्रोड. गावरिल तिच्याकडे बघत राहिला.

"घाबरू नकोस," तोआदेर म्हणाला. "मेलोय का मी? मेल्यावर माझा कोलिव्हा गाव चापणार, मला दाणाही मिळायचा नाही. म्हटलं, जिवंतपणी चाखून घ्यावा. साधा गहू आहे रे. का तुझ्या पुस्तकाचं गव्हाशीही वाकडं आहे?"

"नाही."

"भावजी, खरं तर आज—" आग्लाया म्हणाली.

"वहिनी, पाणी आणता का जरा?"

ती गेली. गावरिलने चमचा उचलला. पहिला घास त्याने बराच वेळ चघळला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. तोआदेर पापणी न हलवता बघत होता.

"अक्रोड जाडसर कुटलेत," गावरिल म्हणाला. "आई कुटायची तसे."

तोआदेरने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्याने बाहीला पुसलं. गावरिल खात राहिला. पण हा तोआदेर. जिंकलेलं त्याच्या पोटात कधी राहिलंय?

"गावरिल्या," तो एकदम म्हणाला, "फसलास की नाही! आईचा कोलिव्हा आहे तो. आज सातवं वर्ष पुरं झालं तिला. सकाळी चर्चमध्ये पाद्रीने आशीर्वाद म्हटलाय त्याच्यावर. खाल्लास ना शेवटी आईच्या नावाचा घास?" हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

ताटलीत एकच घास उरला होता. गावरिलने चमचा खाली ठेवला आणि ताटली बाजूला सारली.

"हा नाही खाणार. आता तू सांगितलंस."

"आणि मघाशी ताटलीभर हाणलास तो?"

"तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं." गावरिलने खांद्यावरची पाकळी उचलून हातात धरली. "तारीख मला ठाऊक नव्हती होय, दादा? माझीही आईच ती. वहिनींना दोनदा गप्प केलं, ते काय उगाच?"