सुरमईचा पहिला घास

सुरमईचे चार जाड काप शैलजाताईंनी हळद, मीठ, आलं-लसूण आणि कोकमाच्या आगळात तासभर मुरवले. तिखट चिमूटभरच घातलं. सकाळीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या, "आता मऊ मासा देऊन बघा, पण जपून."

पक्षाघातानंतर त्यांच्या नवऱ्याला, मोरेश्वररावांना, गिळता येईना. चार महिने नाकातल्या नळीतून पेज चालली होती. मध्ये पाण्याचा एक घोट फुफ्फुसात गेला, तर आठ दिवस आयसीयूत काढावे लागले. गेल्या आठवड्यात नळी निघाली होती, तरी शैलजाताईंची भीती गेली नव्हती.

परसात शेगडीवर जाळी ठेवून त्यांनी काप भाजले. कडा लालसर झाल्यावर मधला काटा काढला आणि मासा बोटांनी दोनदा चाचपून पाहिला.

"हनुवटी खाली घ्या," घास भरवत त्या म्हणाल्या. "आता गिळा."

मोरेश्वररावांनी बराच वेळ चावलं. कंठमणी वर गेला, खाली आला. शैलजाताई श्वास रोखून ठसक्याची वाट बघत राहिल्या. ठसका आलाच नाही.

"गेला?"

त्यांनी आ करून दाखवला. तोंड रिकामं होतं. मग अडखळत म्हणाले, "तू... घे."

"माझं होईल हो मागाहून."

"आत्ता."

चार महिने शैलजाताई स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच दोन घास पोटात ढकलत होत्या. आज त्यांनी खुर्ची ओढली, नवऱ्याच्या शेजारी बसल्या, त्यांचा काप त्यांना घासाघासानं भरवला आणि उरलेले तिन्ही काप स्वतः चवीनं खाल्ले.