दुसरी पिशवी

बीकरमधली माती फेसाळायला लागली आणि नेमका तेव्हाच संगप्पा आत आला. औशाहून पहिली गाडी धरून तो इतक्या लवकर येईल असं उज्वलाला वाटलं नव्हतं.

पुरानं त्याच्या रानाचा नदीकडचा कोपरा ओढून नेला होता, आणि त्याच कोपऱ्यात त्याच्या लेकीला, शिवगंगाला, माती दिलेली होती. सहा वर्षांची पोर. आता तिथं नुसता कडा उरला होता. दोन रानं खाली मात्र गाळाचा एक ढीग येऊन पडला होता. एका पिशवीत कड्याची माती, दुसरीत ढिगाची, अशा दोन पिशव्या त्यानं लातूरच्या शेती कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणून दिल्या होत्या. दोन्हींतली माती एकच आहे का, एवढंच त्याला हवं होतं. असली तर तिच्या नावाचा दिवा त्या ढिगावर लावायचा. नसली तर कुठं लावायचा, हे कुणाला विचारायचं तेच त्याला कळत नव्हतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी समजावून पाहिलं होतं. चाळण्या लावून, नळकांड्यात ढवळून वाळू किती, गाळ किती, चिकणमाती किती, एवढंच कळतं. नदीकाठची रानं त्या मापात सगळी सारखीच निघतात. संगप्पानं मान हलवली आणि पिशव्या टेबलावर तशाच राहू दिल्या.

"ह्यो फेस कशाचा, बाई?"

"औषध घातलंय, मामा. मोजायच्या आधी घालावंच लागतं."

"कशापायी?"

बारा वर्षं विद्यार्थ्यांना सांगून सांगून उत्तर तिच्या तोंडात बसलं होतं.

"मातीत जे जिवंत होतं ते जळून जातं त्यानं. नुसती माती उरते."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. फेस बीकरच्या काठापर्यंत चढला होता. संगप्पा त्याच्याकडे बघत राहिला.

"दुसऱ्या पिशवीतली हाय का ही?"

"हो."

"म्हंजी ती ह्यातच हाय."

त्याचा चेहरा असा काही निवळला, की उज्वलाला बघवेना. काळ्या रानातली कुठलीही माती अशीच फेसाळते, हे त्याला सांगायला हवं होतं. सांगणं तिचं कामच होतं. पण तिच्यानं ते झालं नाही.

संगप्पानं चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि टेबलापाशी परत आला.

"हे थांबस्तोर बसू का हितं?" तो म्हणाला. "एकटीला भ्याव वाटतंय तिला."